शंका, श्रद्धा आणि स्वानुभव: बौद्ध आणि ख्रिस्ती वाटा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणात हे प्रश्न पुस्तकांतून कमी आणि शेजारातून जास्त येतात. वसईच्या चर्चपासून नालासोपाऱ्याचा स्तूप काही किलोमीटरवर आहे. बौद्धवाडीतली मुलं मिशनच्या शाळेत शिकतात, लग्नाला आणि मयतीला दोन्ही घरं एकमेकांकडे जातात. मग कधीतरी विषय निघतो: तुमच्यात प्रश्न विचारलेले चालतात का? देव मानायचा तर पुरावा काय? ध्यानात जे जाणवतं ते खरं धरायचं का? सतत कानावर येणारे असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली आहेत.

बौद्ध धम्म शंकेला मोकळीक देतो आणि ख्रिस्ती धर्म डोळे मिटून विश्वास ठेवायला लावतो, हे बरोबर आहे का?

नाही, यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत. बुद्धवचनात शंका मनाच्या पाच अडथळ्यांत मोजली आहे आणि ती संपवायला सांगितली आहे. बायबलात देवाला जाब विचारणारी माणसं पानोपानी भेटतात. ईयोबाचं अख्खं पुस्तक त्यासाठी आहे, आणि ८८वं स्तोत्र तर दिलासा न मिळताच, अंधारात संपतं.

दोन्हींत फरक जरूर आहे. बौद्ध वाट शंकेखोराला म्हणते, तपासून बघ आणि मोकळा हो. ख्रिस्ती वाट म्हणते, शंका असेल तर तीही घेऊन ये, पण नातं तोडू नकोस. असं का, ते येशूचा शिष्य थोमा याच्या गोष्टीनंतरच्या उत्तरात आहे.

कालाम सुत्तात नेमकं काय आहे? व्हॉट्सॅपवर फिरतं तेच का?

फिरतं ते बहुतेक वेळा अर्धवट असतं. त्यातलं सर्वांत लाडकं वाक्य, "तुमच्या बुद्धीला आणि व्यवहारज्ञानाला पटेल तेवढंच माना", हे सुत्तात नाहीच. बुद्धवचनाच्या पाली संग्रहांपैकी अंगुत्तर निकायाच्या तिसऱ्या निपातात (विभागात) हे सुत्त, म्हणजे उपदेश, आहे, लहान आहे, अर्ध्या तासात वाचून होतं.

केसपुत्त गावात कालाम लोक राहत. तिथे एकामागून एक उपदेशक येत, आपलं मत उजळत आणि दुसऱ्याचं खोडून काढत. गावकरी गोंधळले आणि बुद्धांना विचारू लागले की यांतलं खरं कोणाचं. बुद्ध आधी त्यांच्या शंकेला मान देतात: शंका यावी अशाच जागी ती आली आहे. मग दहा आधार सांगतात, ज्यांच्या एकट्याच्या जोरावर काही स्वीकारू नये. ऐकीव गोष्ट, परंपरा, "असं म्हणतात" म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला धरून आहे म्हणून, अनुमानाने निघतं म्हणून, वरवर विचार करून पटलं म्हणून, आपल्या मताशी जुळलं म्हणून, बोलणारा लायक दिसतो म्हणून, आणि हे आपले गुरू आहेत म्हणून.

पहिले चार आणि शेवटचे दोन लोकांना पाठ असतात, कारण ते दुसऱ्याच्या ग्रंथाला आणि दुसऱ्याच्या गुरूला लावता येतात. मधले चार आपल्या स्वतःच्या डोक्याबद्दल आहेत. माझा तर्क, माझं अनुमान, माझी आवडती मतं हीसुद्धा तपासणीखाली आली. "मला पटतं तेच मी मानतो" असं म्हणायला कालाम सुत्ताचा आधार घेणारा माणूस नेमका हाच भाग गाळतो.

पुढे कसोटी येते. अमुक एक गोष्ट अकुशल, म्हणजे वाईट, आहे, सदोष आहे, जाणती माणसं तिला नावं ठेवतात, ती केल्याने अहित आणि दुःख होतं, हे तुम्हाला स्वतःला कळलं की ती सोडा. उलट कळलं की धरा. बुद्ध लगेच विचारतात: माणसाच्या मनात लोभ, द्वेष, मोह उपजतो तो हितासाठी की अहितासाठी? असा माणूस हत्या करतो, चोरी करतो, खोटं बोलतो की नाही? कालाम स्वतः उत्तरं देतात.

ही कसोटी रोजच्या गोष्टीला कशी लावायची?

कोकणातलं ओळखीचं उदाहरण घेऊ. सामायिक जमिनीवरून भावाशी वाद आहे आणि कोणीतरी सल्ला देतो, "बोलणं तोड, कोर्टात खेच." पहिल्यांदा सल्ला एका ओळीत लिहा आणि शेजारी लिहा की तो आपल्याला का पटतोय. बहुतेकदा उत्तर दहा आधारांपैकीच एक निघतं: सगळे तसंच करतात, किंवा माझ्या मनात आधीपासून तेच होतं. मग बघा की हे पाऊल टाकायचा विचार केल्यावर मनात काय वाढतं, राग, हाव, की प्रकरण नीट समजून घेण्याची इच्छा. तिसरं, नुकसान कोणाचं, स्वतःचं धरून. चौथं, ज्यांना या वादातून काही मिळणार नाही अशा दोन समंजस माणसांना विचारा. पाचवं, पलटता येईल असं लहान पाऊल आधी टाका, म्हणजे नोटीस पाठवण्याआधी एकदा समोरासमोर बसा.

चूक होते ती चौथ्या पायरीवर. लोक ती सोडून देतात आणि सगळं स्वतःच्या मनावर तोलतात. सुत्तात जाणत्यांचं मत कसोटीचाच एक भाग आहे. रागावलेलं मन स्वतःचा राग मोजू शकत नाही, म्हणून ते तिथे ठेवलेलं आहे. आणि कोर्टात जाणं मुळातच अकुशल, असा अर्थही काढू नये. हक्क मागणं आणि सूड उगवणं यांतला फरक दिसावा, एवढ्यासाठी ही पायऱ्यांची खटपट.

मग बौद्ध धम्मात शंकेला अडथळा का म्हटलंय?

कामच्छंद (विषयवासना), व्यापाद (द्वेष), थीनमिद्ध (आळस-सुस्ती), उद्धच्चकुक्कुच्च (चंचलता-पस्तावा) आणि विचिकिच्छा हे पाच नीवरण, म्हणजे मनाचे अडथळे. शेवटचं ते शंकेचं. संयुत्त निकायातल्या संगारव सुत्तात गढूळ, ढवळलेलं, अंधारात ठेवलेलं पाण्याचं भांडं येतं: चांगली नजर असलेल्या माणसालाही त्यात आपला चेहरा दिसत नाही.

कालामांची शंका वेगळी आणि ही वेगळी. ओळखायची खूण सोपी आहे. "श्वासाकडे लक्ष देताना छाती का आवळते?" याला उत्तर आहे, आणि उत्तर मिळालं की बसण्याची पद्धत बदलते. "मला हे जमणारच का, दुसरी पद्धत बरी होती का, हे सगळं खरं तरी आहे का?" हेच प्रश्न महिनोन्महिने त्याच क्रमाने येत राहिले आणि त्यातून आज काय करायचं ते निघालं नाही, तर ते नीवरण.

अट्ठकथांमध्ये, म्हणजे जुन्या पाली टीकाग्रंथांत, यावर सहा उपाय दिले आहेत: भरपूर श्रवण-वाचन, प्रश्न विचारणं, विनयाची (भिक्खूंच्या नियमांची) चांगली जाण, ठाम निश्चय, कल्याणमित्र आणि उपयुक्त बोलणं. प्रश्न विचारणं हा शंकेवरचा उपाय म्हणून यादीतच आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं. शंका दाबून टाका असं कुठेही म्हटलेलं नाही. ती पुरती जाते सोतापन्न अवस्थेत, म्हणजे मुक्तीच्या पहिल्या टप्प्यावर, स्वतः पाहिल्यावर, आणि तिच्याबरोबर "मी" विषयीची चुकीची दृष्टी आणि कर्मकांडाची आसक्तीही जाते.

झेन परंपरेचा सूर मात्र निराळा आहे. जपानी गुरू हाकुइन (१६८६–१७६९) "महान शंका" मुद्दाम पेटती ठेवायला सांगतात. ती गढूळ शंका नव्हे. एकाच प्रश्नावर सगळं मन एकवटणं, असा तिचा अर्थ आहे.

सोपाऱ्याच्या बाहियाची गोष्ट काय आहे?

ती आपल्याच किनाऱ्यावरची आहे आणि शंकेबद्दलची आहे, म्हणून सविस्तर. उदान या ग्रंथाच्या पहिल्या वर्गात ती येते.

सुप्पारक म्हणजे सोपारा, त्या काळचं मोठं बंदर. तिथे समुद्रकाठी बाहिय दारुचीरिय राहत असे, सालीची वस्त्रं नेसलेला. लोक त्याला मान देत, अन्न, वस्त्र, औषध पुरवत. एकदा एकांतात त्याच्या मनात आलं: जगात जे अर्हत (पूर्ण मुक्त झालेले) आहेत त्यांतला मी एक असेन का? पूर्वजन्मीच्या नात्यातली एक देवता त्याला स्पष्ट सांगते: तू अर्हत नाहीस, त्या वाटेवरही नाहीस. बाहिय चिडत नाही. तो एवढंच विचारतो की मग अर्हत कोण आहे आणि कुठे आहे. उत्तर मिळतं, उत्तरेला श्रावस्तीत. तो तडक निघतो आणि वाटेत कुठेही एका रात्रीपेक्षा जास्त थांबत नाही.

श्रावस्तीत बुद्ध भिक्षेला गेलेले असतात. बाहिय रस्त्यात त्यांचे पाय धरतो आणि धम्म सांगा म्हणतो. ही वेळ नव्हे, असं बुद्ध दोनदा म्हणतात. तो तिसऱ्यांदा विनवतो: आयुष्याचा भरवसा कोणी द्यावा, तुमच्या आणि माझ्याही? मग तिथेच शिकवण मिळते. पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं, जाणवलेल्यात फक्त जाणवलेलं, मनाने जाणलेल्यात फक्त जाणलेलं. ते ऐकता ऐकता बाहिय मुक्त होतो. थोड्याच वेळात एक वासरूवाली गाय त्याला मारते. बुद्ध त्याचं दहन करून स्तूप बांधायला सांगतात. झटकन ज्ञान झालेल्यांमध्ये तो अग्रगण्य, असं त्याचं नाव झालं.

गोष्टीचा पहिला भाग लोक घाईत ओलांडतात. बाहियाजवळ अनुभव होता, लोकमान्यता होती, आणि त्याचा स्वतःबद्दलचा समज चुकीचा होता. स्वानुभव हाच शेवटचा पुरावा असता, तर तो सोपाऱ्यातच राहिला असता.

येशू थोमावर रागावला का?

योहानाच्या शुभवर्तमानाचा २०वा अध्याय, २४ ते २९ या ओव्या उघडून बघा. पुनरुत्थित येशू शिष्यांना दिसतो तेव्हा थोमा तिथे नसतो. बाकीचे सांगतात तेव्हा तो म्हणतो की खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवस जातात. या आठ दिवसांत थोमा त्यांच्यातच राहतो, कोणी त्याला हाकलत नाही आणि तोही उठून जात नाही. उपदेशांत याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

मग दारं बंद असताना येशू येतो आणि त्याने मागितलं होतं तेच त्याच्यापुढे करतो: बोट इकडे कर, हात पुढे कर. थोमाने हात लावला असं पुढे लिहिलेलं नाही. लिहिलंय ते त्याच्या तोंडून निघालेलं, "माझा प्रभू, माझा देव." शेवटी येशू म्हणतो की न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य.

हे शेवटचं वाक्य थोमाला मारलेली थप्पड म्हणून सांगितलं जातं. पण ते आहे पुढच्या पिढ्यांसाठी, ज्यांना व्रण पाहायला मिळणारच नाहीत. याच ग्रंथसंचात पुनरुत्थित येशूला पाहूनही काहींना शंका आली अशी नोंद आहे (मत्तय २८:१७). तुरुंगातून "तो तूच का?" असं विचारायला माणसं पाठवणारा बाप्तिस्मा करणारा योहान आहे. "माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर" असं एका दमात म्हणणारा आजारी मुलाचा बाप आहे (मार्क ९:२४). त्याचा मुलगा बरा होतो. दुसऱ्या बाजूला याकोबाच्या पत्रात शंकेखोराला वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा म्हटलं आहे. बायबल या बाबतीत एकाच सुरात बोलत नाही.

मग मूळ फरक कुठे आहे?

दावा कशाबद्दलचा आहे, तिथे. बुद्ध म्हणतात, तृष्णेतून दुःख उपजतं आणि तृष्णा संपली की ते संपतं. हे मनात घडतं, आजही घडतं, म्हणून आज तपासता येतं. प्रत्येक विहारात म्हटल्या जाणाऱ्या धम्मवंदनेत "एहिपस्सिको" (ये आणि पाहा) आणि "पच्चत्तं वेदितब्बो" (ज्याने त्याने स्वतः जाणावं) येतं ते यासाठीच. वाट दाखवणारा कोण होता याचा तपशील कमीजास्त झाला तरी वाट तपासता येते.

ख्रिस्ती दावा आहे की एका विशिष्ट माणसाच्या आयुष्यात, यरुशलेममध्ये, रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या काळात देवाने काहीतरी केलं. ते एकदाच घडलं. एकदा घडलेली गोष्ट पुन्हा करून पाहता येत नाही, तिला साक्षीदार लागतात. म्हणून आरंभीचा प्रचारक पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात साक्षीदारांची यादी देतो, पाचशेहून अधिक जणांनी एकदम पाहिलं आणि त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असं लिहितो, आणि पुढे सरळ म्हणतो: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. इतकी उघड जोखीम पत्करणारा माणूस पुराव्याला तुच्छ लेखतो असं म्हणता येणार नाही.

साक्षीवर आणि माणसावर ठेवलेला विश्वास हा नात्यासारखा असतो, त्यात "पूर्ण सिद्ध झालं" असा क्षण येत नाही. त्यामुळे ख्रिस्ती श्रद्धेत शंका आयुष्यभर सोबत असू शकते आणि तरी श्रद्धा खरी असते. मदर तेरेसांची २००७ साली प्रसिद्ध झालेली पत्रं वाचून पुष्कळांना धक्का बसला, कारण त्यांत अनेक वर्षांचा आतला अंधार होता. सोळाव्या शतकातला संत योहान ऑफ द क्रॉस याची "आत्म्याची अंधारी रात्र" माहीत असणाऱ्यांना तो बसला नाही.

या रेषा सगळीकडे सारख्या ठळक नाहीत. जपानच्या शिनरान (११७३–१२६३) यांची सुखावती परंपरा स्वतःच्या तपासणीपेक्षा अमिताभ बुद्धावरच्या भरवशावर उभी आहे. उलट मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली २४ मे १७३८च्या संध्याकाळी आपलं हृदय विलक्षण उबदार झाल्याचं लिहितात, आणि मेथडिस्ट परंपरेत शास्त्र, परंपरा, बुद्धी यांच्या जोडीला अनुभवही धरला जातो.

पुनर्जन्म कुठे तपासता येतो? तो तर श्रद्धेचाच भाग झाला.

दहा दिवसांच्या शिबिरात तो तपासता येत नाही, हे मान्यच करायला हवं. कालाम सुत्ताचा शेवट याच प्रश्नावर आहे. निर्वैर, निर्मळ मनाच्या माणसाला बुद्ध चार दिलासे देतात. परलोक आणि कर्मफळ असेल तर सुगती मिळेल. नसेल तर इथेच तो सुखाने, वैरावाचून राहील. वाईट करणाऱ्याचं वाईट होत असेल तर त्याने वाईट केलेलं नाही. होत नसेल तरी दोन्ही बाजूंनी तो शुद्धच. परंपरागत थेरवाद, म्हणजे पाली ग्रंथांवर चालणारी बौद्ध शाखा, पुनर्जन्म मानतो. डॉ. आंबेडकरांनी आत्म्याचं एका देहातून दुसऱ्या देहात जाणं साफ नाकारलं. दोन्ही बाजू विहारात भेटतात आणि वाद होतात, ते होऊ द्यावेत.

बावीस प्रतिज्ञा घ्यायला लावणं म्हणजे मुक्त विचार कसा?

तारखा बघा. बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची, आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या ती नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. मधली एकवीस वर्षं वाचनात, तुलनेत आणि वादात गेली. मे १९५०मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या लेखात बाबासाहेब बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना करतात आणि सांगतात की बुद्धांनी आपला धम्म बुद्धी आणि अनुभवावर उभा केला, केवळ आपण सांगितला म्हणून तो बंधनकारक मानू नये असं म्हटलं. मोक्षदाता आणि मार्गदाता हा त्यांचा भेद याच विचारातून येतो: बुद्ध स्वतःला मार्गदाता म्हणवतात.

मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्यात ज्यांचं मूळ गाव, महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ला ज्यांनी पाणी हातात घेतलं, त्यांच्यासाठी धर्म तपासणं हे माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेलं होतं. प्रतिज्ञांमध्ये जुन्या बंधनांचा त्याग आहे आणि पुढे आचरण आहे: समता, अष्टांगिक मार्ग, पारमिता (सद्गुणांची पूर्णता), चोरी-खोटं-दारू सोडणं. पंचशीलही "हा नियम मी पाळायला घेतो" अशा रूपात आहे. ख्रिस्ती बाप्तिस्म्यात त्यागाच्या शब्दांनंतर पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांवर "विश्वास ठेवता का?" असे तीन प्रश्न येतात. एकीकडे वळण लावून घेण्याचा निश्चय, दुसरीकडे कोणावर भरवसा आहे त्याची कबुली. दीक्षाविधी शेजारी ठेवले की हे लगेच दिसतं.

कॅथलिक शिकवणीत शंका पाप आहे का?

सरसकट नाही. १९९२च्या कॅथलिक शिकवणग्रंथात (परिच्छेद २०८८) दोन प्रकार केले आहेत. जाणूनबुजून, खरं काय ते बघायचंच नाही अशा हट्टाने सत्य नाकारणं हा एक. आपोआप येणारी शंका, न सुटलेली अडचण, श्रद्धेच्या अंधुकपणाने वाटणारी अस्वस्थता हा दुसरा. पहिला दोष आहे. दुसऱ्याबद्दल इशारा एवढाच आहे की ती मुद्दाम जोपासत बसलं तर अंधत्व येऊ शकतं. इंग्रज कॅथलिक विचारवंत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८६४ साली लिहिलेलं वाक्य इथे उपयोगी पडतं: दहा हजार अडचणी मिळून एक शंका होत नाही.

इतिहास मात्र शिकवणीइतका स्वच्छ नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० साली बसलं आणि १८१२ साली उठलं. पोर्तुगीज वसई १७३९पर्यंत त्याच राज्याचा भाग होती. श्रद्धेतला फरक तिथे गुन्हा ठरत होता. ज्यांच्या घरात ही आठवण पिढ्यानपिढ्या चालत आली आहे त्यांना "ख्रिस्ती धर्म शंका सोसतो" हे पटायला जड जातं, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

ध्यानात प्रकाश दिसला, अंग हलकं झालं. मी पोहोचलो का?

नाही, बहुधा वाटेवरचा एक टप्पा आहे, आणि अडकायची जागाही तीच. विशुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथात विपश्यनेचे दहा उपक्लेश (मळ) दिले आहेत: प्रकाश, तीक्ष्ण ज्ञान, प्रीती, शांती, सुख, दृढ श्रद्धा, उत्साह, तीव्र स्मृती, उपेक्षा आणि या सगळ्यांविषयीची सूक्ष्म आसक्ती. यादीतलं जवळजवळ सगळं चांगलं आहे. बिघडवते ती शेवटची. साधक प्रकाशाला मार्ग समजतो आणि काम थांबवतो.

दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात बासष्ट मतं मोजली आहेत. त्यांतली पुष्कळ खऱ्या ध्यानानुभवातून निघालेली आहेत: कोणाला समाधीत अनेक जन्म आठवतात आणि तो ठरवतो की जग शाश्वत आहे. अनुभव खरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

ख्रिस्ती गुरूंचाही सल्ला याच अंगाने जातो. योहान ऑफ द क्रॉस दर्शनांना धरून बसू नका म्हणतो. चर्च कोणाच्याही खासगी साक्षात्काराला मूळ प्रकटीकरणात भर मानत नाही, आणि मान्य केलेला साक्षात्कारही मानण्याची सक्ती करत नाही. योहानाचं पहिलं पत्र (४:१) सांगतं की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. पारख फळांवरून: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता (गलतीकरांस ५:२२). अनुभवानंतर घरातल्यांशी वागणं बिघडलं असेल, तर दोन्ही परंपरा त्याकडे एकाच संशयाने बघतील.

घरी करून पाहायचं तर कुठून सुरुवात करू?

आनापान (श्वासाचं ध्यान): पहाटे किंवा संध्याकाळी वीस मिनिटं. पाठ सरळ, मांडी जमत नसेल तर खुर्ची. डोळे मिटून नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचा स्पर्श जाणायचा. श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. मन गेलं हे कळलं की परत आणायचं, चिडायचं नाही. दुपारी माशाचं जेवण आणि मे महिन्याचा उकाडा असताना बसलात तर झोप येणारच. तो दोष पद्धतीचा नाही, वेळेचा आहे. छाती आवळली तर समजा की श्वास तुम्ही चालवताय. दोन मिनिटं सगळ्या अंगाकडे लक्ष द्या आणि पुन्हा या. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब शिबिराला जाऊ नका.

येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याचं रोजचं आत्मपरीक्षण: रात्री पंधरा मिनिटं, पाच पायऱ्या. दिवसाबद्दल देवाचे आभार. नीट दिसावं म्हणून प्रार्थना. सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवणं, कुठे मन मोकळं झालं आणि कुठे आकसलं ते बघणं. चुकलं त्याची क्षमा. उद्याचा एक ठोस निश्चय. लोक पहिली पायरी गाळतात आणि मग रोज स्वतःच्या चुकांची यादी तेवढी उरते, आठवड्यात कंटाळा येतो. इग्नेशियसचा एक नियम कोणत्याही धर्माच्या माणसाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: मन कोरडं, उदास, अंधारलेलं असताना आधी ठरवलेलं बदलू नका.

ख्रिस्ती माणसाने विपश्यना शिबिराला जावं का?

जाता येतं, पुष्कळ जण जातात. गोयंका गुरुजींच्या परंपरेत दहा दिवसांचं शिबिर असतं, पहाटे चारला उठणं, साधारण साडेतीन दिवस आनापान, चौथ्या दिवसापासून विपश्यना, दहाव्या दिवशी मैत्रीभावनेचं ध्यान आणि मौन सुटणं. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर ऐच्छिक दान. कोकणाला सोयीचं म्हणजे गोराईच्या पॅगोड्याजवळचं केंद्र किंवा इगतपुरी. एक अट आधीच माहीत असू द्या: शिबिरापुरती बाकी सर्व पूजाअर्चा, जपमाळ, प्रार्थना थांबवायला सांगतात. ज्याला मिस्साशिवाय (चर्चमधल्या उपासनेशिवाय) रविवार चालणार नाही त्याने आधी विचार करावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या दस्तऐवजात बौद्ध धर्मातलं जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं म्हटलं आहे. १९८९च्या व्हॅटिकनच्या पत्रात मात्र ध्यानाची पद्धत म्हणजेच प्रार्थना असं समजू नका, अशी सावधगिरी आहे.

कोकणातल्या कोणी बुद्धीने शोधून ख्रिस्ती वाट धरली का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक. बायबल वाचून, पारखून, बरीच घालमेल होऊन त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. अभंग त्यांनी शेवटपर्यंत लिहिले.

शंका कोणाला आणि कशी विचारायची?

विहारात वंदना चालू असताना नको, नंतर. सगळ्यांत चांगला काळ वर्षावासाचा, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. पावसात शेतीचं काम उरकलं की संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि वाचणाऱ्याला थांबवून विचारता येतं. बौद्धाचार्यांना उत्तर येत नसेल तर भंतेजी येतील त्या दिवसासाठी लिहून ठेवा. सुत्ताचं नाव विचारा. "बुद्ध म्हणाले" एवढ्यावर थांबू नका, कुठे म्हणाले ते विचारा.

चर्चमध्ये फादरांना मिस्सा संपल्यावर लगेच गाठू नका, तेव्हा दहा जण उभे असतात. वेळ मागून घ्या. श्रद्धेची शंका पापनिवेदनाच्या रांगेत नेऊ नका, तिथे वेळ कमी असतो आणि जागा वेगळ्या कामाची असते. प्रोटेस्टंट मंडळीत पाळकांबरोबरचा बायबल अभ्यासवर्ग यासाठीच असतो. पाहुणे म्हणून गेलात तर कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर घ्यायला जाऊ नये, जागेवर बसून राहिलं तरी कोणाला वावगं वाटत नाही. विहारात चपला बाहेर, बाकी सक्ती कसलीच नाही.

विचारायला संकोच वाटत असेल तर महापरिनिब्बान सुत्ताचा शेवट वाचा. निर्वाणाच्या रात्री बुद्ध भिक्खूंना तीनदा विचारतात की कोणाला काही शंका उरली आहे का, नंतर विचारायचं राहून गेलं असं वाटायला नको. सगळे गप्प. मग ते म्हणतात, गुरूच्या आदरापोटी विचारत नसाल तर एका मित्राने दुसऱ्या मित्राला सांगावं.

आधी काय वाचू?

उदानातलं बाहिय सुत्त, मग योहानाचा २०वा अध्याय, दोन्ही एकाच बैठकीत. मग कालाम सुत्त पूर्ण, चार दिलाशांसकट. नंतर मज्झिम निकायातलं वीमंसक सुत्त, ज्यात बुद्ध शिष्यांना खुद्द आपल्यालाच तपासायला सांगतात, आणि त्याच्या जोडीला ईयोबाचे शेवटचे पाच अध्याय. मराठीत हे सगळं मिळतं. विहारात किंवा चर्चच्या वाचनालयात मागा, आणि शेजारच्या घरी एखादी प्रत असेल तर ती आधी आणा.